माझ्या पाळीचं भांडं

तम्मामची डाळिंबं रसानं फुटायला आली होती आणि बांधाच्या अलीकडे माझ्या अंजिरांची पानं गळत होती. पाट एकच, पाळी दोघांना बारा भांड्यांची. तरी माझ्या शेवटच्या रांगेपर्यंत पाणी पोचतच नव्हतं.

आमच्या मुर्सियाच्या खोऱ्यात पाणी भांड्यावर मोजतात. बुडाला भोक पाडलेलं तांब्याचं भांडं हौदात सोडायचं, ते भरून बुडालं की एक भांडं झालं. भांडं सांभाळतो पाटकरी फर्तून. मी बांधावर बसून कुराणातल्या यासीनचा पाठ म्हणते. तम्मामच्या पाळीत पाठ पुरा होतो तेव्हा भांडं बुडतं. माझ्या पाळीत निम्म्यावरच गडप. दोन उन्हाळे मला वाटलं, मीच सावकाश म्हणते. माझंच मला हसू येतं.

एके दिवशी माझी पाळी चालू असताना मी हौदात हात घालून भांडं उचललं. भोकात जोंधळ्याचा दाणा आरामात मावत होता; एवढ्या भोकातून भांडं झटकन भरून बुडणारच. आणि फर्तूनच्या झोळीत दुसरं काहीतरी खणखणलं.

"मावशी, दे ते इकडे," तो म्हणाला. "माझ्या पोटावर पाय आणू नकोस."

"माझ्या पोटावर तू नाचतोयस, त्याचं काय?"

भांडं घेऊन मी तडक मशिदीच्या अंगणात, काझीसमोर. तम्माम आला तो आधी आपले पूर्वज घेऊन. "आम्ही दमास्कसहून घोड्यांवरून आलो, काझीसाहेब. हिचा आजा लोपे ख्रिस्ती होता, डुकरं राखायचा. ही आम्हाला चोर म्हणणार?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "कलमा पढलास की आपण सारखे, असं तुझ्याच आज्यानं माझ्या आज्याला सांगितलं होतं. तो भोळा, त्यानं खरं मानलं."

"भांडणं नकोत," काझी म्हणाले. "मुज्ना, साक्षीदार कोण?"

"शेजारीण जुमाना. माझ्या पाळीत हे भांडं तिनंही पाहिलंय."

"एका बाईच्या साक्षीवर निकाल देता येत नाही. पुरुष आण."

"आणते कुठून? सगळे याच्याच मळ्यात राबतात."

काझींनी कपाळ चोळलं. तम्मामनं मिशीला हात लावला. "खोऱ्यात भांडं एकच आहे, साहेब. हिनं पळवून आणलंय ते. विचारा फर्तूनला."

"एकच," फर्तून जमिनीकडे बघत म्हणाला.

मग मी भांडं काझींच्या समोर ठेवलं. "बरं. माझी तक्रार मागे घेते. भांडं एकच, ते हेच. आता दोघांच्या पाळ्या याच भांड्यानं मोजायच्या आणि ते मशिदीत ठेवायचं, एवढं लिहून द्या."

"रास्त आहे," काझी म्हणाले. कारकुनानं बोरू शाईत बुडवला.

"थांबा," तम्माम म्हणाला. "या भांड्यानं मोजलं तर माझी डाळिंबं पंधरा दिवसांत वाळतील."

स्वतः काय बोललो हे त्याला सगळ्यांत शेवटी कळलं. फर्तूननं मुकाट्यानं झोळीतून दुसरं भांडं काढून पहिल्याशेजारी ठेवलं. काझींनी दोन्ही भोकं उजेडात धरून पाहिली आणि निकाल माझ्या बाजूनं दिला.

माझी आठ झाडं तोवर जळून गेली होती, ती काही निकालानं पालवली नाहीत. बायका म्हणतात, मुज्ना, नशीबवान आहेस, काझी देवमाणूस. असेलही. पण मी दोन उन्हाळ्यांचं खरं सांगत होते तेव्हा बोरू कोरडा होता. तो चालला तम्मामच्या एका वाक्यावर, आणि वाक्य होतं डाळिंबांच्या काळजीचं.