आठवण रोज निघते

“हे तुम्हीच लिहिलंत ना?” टेबलापलीकडच्या माणसाने खिशातून पत्र काढलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘तुमची आठवण इथे रोज निघते.’ वृद्धाश्रमाची कचेरी सांभाळणाऱ्या ताईंनी खालची आपली सही पाहिली.

हा टेलिफोन-आजींचा मुलगा. आजींनी टेलिफोन ऑफिसात इकडची बोलणी तिकडे जोडण्यात जन्म काढला, म्हणून हे नाव. आणि आता वर्ष झालं, त्यांच्या तोंडून एक शब्द नाही. मुलगा त्यांना इथे सोडून गेला तो गेलाच. अधूनमधून चौकशीचा फोन येई, माणूस येत नसे.

“सोडायला आलो तेव्हा म्हणाली होती, परत तोंड दाखवू नकोस,” तो म्हणाला. “मग मीही हट्टाला पेटलो. हे पत्र वाचलं आणि म्हटलं, चला, राग गेला तिचा. भेटू ना?”

“भेटा की. बसा जरा, सिस्टरना सांगून येते,” म्हणत ताई तडक व्यवस्थापकांच्या खोलीत शिरल्या.

दर महिन्याला इथून प्रत्येकाच्या घरी पत्र जाई. पूर्वी ताई खाटेखाटेपाशी जाऊन, सिस्टरच्या मागे लागून ती पत्रं हाताने लिहीत. मग व्यवस्थापकांनी एआयकडून एक नमुना करून घ्यायला सांगितलं. ताई भारी सावध बाई. एकाही म्हाताऱ्याचं नाव किंवा दुखणं त्यांनी त्या यंत्राला कळू दिलं नाही. रिकाम्या जागा ठेवून नुसता साचा मागितला. वर एवढंच म्हणाल्या, जरा मायेनं लिही. यंत्राने माया केली. ती शेवटची ओळ वाचून ताईंचेच डोळे भरून आले, आणि ती सगळ्यांच्या पत्रात गेली. नाव, वजन, रक्तदाब, सगळं त्या दोनदा ताडून बघत. आजींच्या पत्रात ‘बोलणं’ या शब्दापुढे ‘बंद’ लिहवेना म्हणून त्यांनी ‘कमी’ असं भरलं होतं. पण शेवटच्या ओळीत भरायला जागाच नव्हती, त्यामुळे ती तपासायचं कोणाला सुचलं नाही.

“मग बिघडलं कुठे?” सगळं ऐकून व्यवस्थापक म्हणाले. “इतके दिवस न फिरकलेला माणूस आला. मूग गिळून गप्प बसा. भेटू द्या मायलेकांना.”

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, हीच पंचाईत होती.

आजी खिडकीकडे तोंड करून खाटेवर बसल्या होत्या. मुलगा जवळ गेला, “आई” म्हणाला. आजींनी मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं आणि जरा सरकून शेजारी जागा केली. तिथली चादरही हाताने सारखी केली.

“ओळखलं!” तो ताईंकडे वळला. “बघितलंत ना? माफ केलं तिनं मला.”

ताईंना तिथून निघून जाता आलं असतं. त्यांनी पाऊल उचललंही होतं. पण हा आता पुढच्या पत्राची वाट बघत बसणार, आणि आपण त्याला पुन्हा तीच ओळ पाठवायची, हे त्यांना सोसेना.

“त्या सगळ्यांनाच अशी जागा करून देतात,” त्या म्हणाल्या. “सिस्टरना, झाडूवाल्या मावशींना, मला. त्या बोलत नाहीत हो, अजिबात नाही. त्यांनी कोणाची आठवण काढलेली मी कधी ऐकलेली नाही. ती ओळ यंत्रानं घातली. मला आवडली, मी राहू दिली. खाली सही माझी आहे, तेव्हा चूकही माझीच.”

त्याने हातातलं पत्र पुन्हा उघडलं.

“म्हणजे राग अजून...”

“ते मला माहीत नाही. आता कळायला मार्गही नाही.”

“हे न सांगता नसतं का चाललं?” तो चिडून म्हणाला.

“चाललं असतं,” ताई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, पण ते त्याच्यासमोर नको होतं.

त्याने पत्राची घडी घातली आणि ताईंच्या हातात दिली. दाराकडे एकदा पाहिलं. मग आईने केलेल्या जागेत तो बसला, अर्धा आत, अर्धा बाहेर. आजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि कोणासाठीही सरकल्या असत्या तशा अजून थोड्या सरकल्या.