शिवेवरची घरगाडी

उंबरशेतच्या केसरीनाथने १९८६ साली गावच्या शिवेवरच्या, रस्त्यालगतच्या आपल्या माळाला तारेचं कुंपण घातलं, हातपंप बसवला, एक संडास बांधला आणि वाडा-भिवंडी रस्त्यावर पाटी लावली: ‘परदेशी पाहुण्यांच्या गाड्यांची व तंबूंची उत्तम सोय. गणेशपुरी जवळ. भिवंडी फारच जवळ. मुंबईही लांब नाही.’ माणसाने स्वतःचं चांगलं घर सोडून, समुद्र ओलांडून यायचं आणि केसरीनाथच्या गवतावर झोपायचं, याला गावात तोवर वनवास म्हणत. केसरीनाथ त्याला कॅम्प म्हणू लागला.

पाहुणे मात्र यायचे. गणेशपुरीच्या आश्रमात खोली न मिळालेले, किंवा मिळालेली न आवडलेले. सकाळी एसटीला हात दाखवून भिवंडी गाठत, तिथून मुंबई, आणि संध्याकाळी धुळीने रंगून परत येत. केसरीनाथची बायको बकुळा त्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायची. ती खाऊन त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, की केसरीनाथ सांगायचा, भक्तिभाव आहे.

पुढे एका हिवाळ्यात जीपच्या मागे आख्खं घर ओढत एक जर्मन बाई आली. दोन चाकांवरचं पांढरं घर. आत पलंग, शेगडी, भांडी ठेवायला फळी, खिडक्यांना जाड काचा. बाईचं नाव हेल्गा. आमच्याकडे हेलगा म्हणजे रेडा, त्यामुळे गावाने सर्वानुमते तिला मॅडम म्हणायचं ठरवलं. मॅडमला आपल्याकडचं सगळंच आवडे. अंबाडीच्या नाक्यावर ट्रकवाल्यांकडे पाहून तिने घराच्या पुढे लिंबू-मिरची बांधली, दाराला घुंगरं लावली, खिडक्यांना लाल पडदे केले आणि पांढऱ्या पत्र्यावर स्वतःच्या हाताने हळदीकुंकवाचे पट्टे ओढले. फाल्गुनात तिच्या राहण्याच्या परवानगीचं काहीतरी अडलं, तेव्हा घर माळावर सोडून, किल्ली केसरीनाथला देऊन ती जीप घेऊन मुंबईला गेली.

त्याच सुमारास विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि गावात जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आधी एक म्हातारी गेली. मग सीताबाईचा कमावता मुलगा गेला, तोही एका रात्रीत. लोक विहिरीकडे बघत आणि मग विहिरीच्या वरच्या अंगाला, माळावरच्या संडासाकडे बघत. तोंडाने कोणी काही बोलत नसे. केसरीनाथ समोरून आला की बोलणं चालू असेल तर थांबायचं, आणि थांबलेलं असेल तर उगाच चालू व्हायचं.

आणि मग बकुळा पडली.

केसरीनाथ घाबरला. बायकोसाठी घाबरला, हे खरंच. पण आजार कॅम्पवाल्याच्याच घरात निघाला हे कळलं तर गाव काय करील, यालाही घाबरला, आणि दोन भीतींमधली मोठी कुठली हे तपासायला त्याला सवड नव्हती. पहाटे त्याने बकुळाला उचलून मॅडमच्या घरात नेऊन निजवलं. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. बाहेरून कुलूप लावलं, म्हणजे कोणी डोकावायला नको. भाऊ दत्तूला सांगितलं, “वैनी माहेरी गेली,” आणि अंबाडीला सलाईन आणायला निघाला.

“लवकर या,” बकुळा आतून म्हणाली. तिचा आवाज फाटक्या कापडासारखा येत होता.

आता गावात त्या सकाळी काय झालं ते सांगायला हवं.

गावात साथ आली की मरीआईचा गाडा काढायचा, ही जुनी रीत. लहानसा लाकडी गाडा करायचा, त्यात देवी बसवायची, लाल कापड, लिंबू, घुंगरं. बैल जोडायचा नाही, माणसांनी ढकलायचा. भर दुपारी सावली पायाखाली आली की उचलायचा आणि पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा. पुढचं गाव तो त्याच्या पुढच्या गावाकडे लोटतं. साथ अशी गावोगाव पुढे जाते आणि शेवटी कुठे जाते हे कोणी विचारत नाही. नियम तीन. वाटेत बोलायचं नाही. सोडल्यावर मागे बघायचं नाही. आणि गाड्यातून काही आवाज आला, तर ओ द्यायची नाही.

अडचण अशी होती, की गाडा करणारा गावचा सुतार भिवंडीत लूमच्या कारखान्यात कामाला लागला होता आणि त्याला सुट्टी नव्हती.

“गाडा कशाला पायजे करायला?” राघो भगत म्हणाला. “शिवेवर तयार हाय की.”

सगळ्यांनी माळाकडे पाहिलं. दोन चाकं. बैल नाही. लाल पडदे, घुंगरं, लिंबू, हळदकुंकू. कोणाच्या अंगावर काटा आला, कोणी हात जोडले. ती मॅडमची गाडी आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. पण भीतीच्या दिवसांत माणसाला जे ठाऊक असतं ते कामाला येत नाही.

पोलीस पाटील तुळशीराम तेवढा चाचरला. “परदेशी मालमत्ता हाय ती, राघोकाका.”

“देवी तरी कुठे या गावची हाय?” राघो म्हणाला. पाटलाचं समाधान झालं.

केसरीनाथ एसटीतून उतरला तेव्हा दुपार कलली होती. पिशवीत सलाईनच्या बाटल्या, आणि डॉक्टर संध्याकाळी येतो म्हणाला होता. माळावर आला आणि थांबला. जिथे घर होतं तिथे पिवळ्या पडलेल्या गवताचा चौकोन होता, चाकांना लावलेले दगड होते, आणि वर नुसतं ऊन.

तो विहिरीकडे धावला. गावातले पुरुष ओल्या अंगाने बसले होते. गाडा सोडून आल्यावर आंघोळ करतात.

“गाडी कुठंय?”

“गेली,” राघो समाधानाने म्हणाला. “सुखरूप गेली. भिऊ नको, मॅडमला आपुन दुसरी बांधून देऊ.”

“आत बकुळा हाय!”

कोणाच्या तरी हातातला तांब्या दगडावर आपटला. दत्तू उभा राहिला आणि परत बसला.

“वैनी माहेरी गेली म्हनलास ना तू, दादा?”

“ती आजारी हाय! आत निजवली व्हती मी!”

“तरीच,” तुळशीराम हळू म्हणाला. “तरीच टकटक झाली.”

“टकटक झाली? आन तुमी काय केलं?”

“जोरात ढकलली,” तुळशीराम म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलं नाही.

“हाक मारली तिने?”

कोणी वर बघेना. शेवटी दत्तू म्हणाला, “तुझं नाव घेत व्हती, दादा. म्हनून तर सगळ्यांचं पानी झालं. देवी तुझं नाव घेते म्हंजे तुझ्या घरात शिरनार, आसं राघोकाकाला वाटलं. तुझ्याच भल्यासाठी आमी पळत सुटलो.”

केसरीनाथ मागे वळला. दत्तूची सायकल भिंतीला टेकून होती. त्याने ती घेतली, पिशवी दांड्याला अडकवली आणि सुटला.

पुढचं गाव आडिवसे. शिवेवर, जिथे घर सोडलं असायला हवं, तिथे फक्त चाकांच्या रेघा होत्या आणि फुटलेल्या नारळाच्या करवंट्या. झाडाखाली राहीबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन बसली होती. केसरीनाथला बघताच तिने हात हलवला.

“आमच्या शिवेत उभी नाय ऱ्हायली हो, देवाशपत. आली तशी लगेच पुढे लोटली.”

“आजी, आतून काही आवाज?”

“आला की.” राहीबाईने पदर तोंडाला लावला. “पानी दे, पानी दे, करत व्हती. लय वंगाळ आवाज. हितलं कोनीच थांबलं नाय. मी नारळ फोडला तिच्या म्होरं. देवीनं घेतला आसंल.”

नारळाचं पाणी मातीत जिरून गेलं होतं. केसरीनाथने तो ओला डाग पाहिला आणि त्याच्या पायांना पायडल सापडेना. जुलाबात माणसाच्या अंगातलं पाणी जातं, मग माणूस जातो, हे डॉक्टरने सकाळीच त्याला सांगितलं होतं, हसत हसत, घाबरू नका म्हणून.

त्यापुढचं गाव खैरपाडा. तिथले लोक पुढारलेले. त्यांनी ढकलत बसण्यापेक्षा ट्रॅक्टर लावला होता. गावात आता सगळी दारं बंद होती. ट्रॅक्टरवाला अनंता तेवढा रस्त्याच्या कडेला चाकं धूत उभा होता, आणि चाकं स्वच्छ झाली होती तरी धूतच होता.

“नाक्यापाशी सोडली,” तो म्हणाला. “पार भिवंडीच्या तोंडाशी. म्हनलं, मोठं शहर हाय, तिथं खपून जाईल.”

“आवाज येत होता?”

“न्हाय.” अनंताने पाण्याची बादली खाली ठेवली. “आवाज काय न्हवता. त्यानेच बरं वाटलं आम्हाला.”

केसरीनाथ सायकलसकट रस्त्यावर बसला. त्याला उठवलं ते एसटीच्या हॉर्नने. कंडक्टर चांगदेव दिघाशीचा, केसरीनाथच्या पाहुण्यांना रोज चढवून-उतरवून त्याच्या चांगल्या ओळखीचा. दारातून वाकून म्हणाला, “काय शेठ, आज स्वतःच मुंबईला निघालात?” मग त्याने तोंड पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला. “काय झालं?”

केसरीनाथने सांगितलं ते अर्ध्या वाक्यांत. चांगदेवने त्याला दंडाला धरून वर ओढलं आणि घंटी दिली ती डबल.

“अहो, मधे थांबा, मला पुढच्या थांब्याला...” मागून एक बाई म्हणाली.

“आज मधे कुठंच थांबत नाही, मावशी,” चांगदेव म्हणाला. “उद्या दोनदा थांबू.”

एसटी पळत होती. केसरीनाथच्या डोळ्यांसमोर मात्र एकच गोष्ट होती: जाड काचेची खिडकी, पत्र्यावर पडलेलं फाल्गुनातलं ऊन, आणि आत त्याने स्वतःच्या हाताने पसरलेली चादर. तांब्यात पाणी किती ठेवलं होतं ते त्याला आठवेना. पाण्याचा तांब्या भरला होता की अर्धा होता? आठवेना. अर्ध्या तांब्याची भीती इतकी मोठी असू शकते हे त्याला माहीत नव्हतं.

नाक्याच्या पुढे लूमच्या शेडची रांग लागते. पहिल्याच शेडपाशी गर्दी होती आणि गर्दीच्या मधे मॅडमचं घर उभं होतं. दार सताड उघडं. केसरीनाथ चालत्या एसटीतून उतरला आणि पडला, उठला. आत पलंग रिकामा होता. चादर नव्हती. तांब्या जमिनीवर आडवा.

“कहाँ है?” तो ओरडला. “अंदर औरत थी!”

एक दाढीवाला कामगार पुढे आला. कानात कापूस, अंगावर रुईचे तंतू. नाव मुख्तार. लूमचा खडखडाट एवढा होता, की त्याला प्रत्येक वाक्य ओरडून सांगावं लागलं.

“आपकी घरवाली? दवाखाने में है! जिंदा है, भाई, जिंदा है! बैठो पहले!”

झालं होतं असं. शिफ्ट सुटली आणि लोक बाहेर आले, तो रस्त्याच्या कडेला एक घर उभं. भिवंडीत एका खोलीत पंधरा माणसं पाळीपाळीने झोपतात. रिकामं घर दिसल्यावर तिथे फक्त एकच प्रश्न उठतो. मुख्तारने दारावर थाप मारून तो विचारला: “कमरा खाली है क्या?” उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं. मग त्याने दाराला कान लावला, आणि आत कोणीतरी नखाने पत्रा खरवडत होतं.

मरीआईचे नियम मुख्तारला कोणी सांगितलेले नव्हते. त्याने ओ दिली आणि पाना घालून कुलूप तोडलं.

दवाखाना शेडच्या मागच्या गल्लीत होता. बकुळा लोखंडी खाटेवर होती, हाताला सुई, वर बाटली टांगलेली. ओठ फुटले होते, डोळे आत गेले होते. डॉक्टर म्हणाला, अजून थोडा वेळ गेला असता तर, आणि केसरीनाथने त्याला पुढचं बोलू दिलं नाही. तो खाटेच्या पायाशी बसला. तिच्या बोटांची नखं तुटलेली होती. त्याने ती पाहिली आणि हात आपल्या हातात घ्यायचं धाडस केलं नाही.

परतीच्या फेरीत चांगदेवने गावात निरोप सांगितला आणि तासाभरात टेम्पो भरून गाव आलं. राघो, तुळशीराम, दत्तू, सगळे. आंघोळ केलेले, कपडे बदललेले, लग्नाला आल्यासारखे. शहाळी घेऊन आले होते. पण उंबऱ्याच्या आत कोणी येईना. शहाळी दाराशी ठेवून ते ओळीने उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते केसरीनाथला लगेच कळलं. ते तिला बघायला आले नव्हते. त्यांना एक गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायचं पाप दत्तूच्या माथी मारलं गेलं होतं.

“वैनी,” दत्तू म्हणाला. “वैनी, तुमाला... आमी दिसत व्हतो का?”

बकुळाने डोळे उघडले. एकेकाकडे पाहिलं. राघोकडे, तुळशीरामकडे, मागे उभ्या असलेल्यांकडे. दत्तूकडे जरा जास्त वेळ पाहिलं. बाहेर लूमचा खडखडाट चालूच होता.

“न्हाय,” ती म्हणाली. “डोळ्यांपुढं अंधारी व्हती. कोन ढकलत व्हतं ते काय दिसलं न्हाय.”

ओळीतून एक लांब सुस्कारा निघाला. राघोने आकाशाकडे हात जोडले. तुळशीराम चक्क हसला आणि म्हणाला, “आराम करा, वैनी. बोलू नका.” मग सगळे घाईने टेम्पोत चढले, जणू शिफ्टची वेळ झाली होती.

टेम्पोचा आवाज विरल्यावर केसरीनाथ म्हणाला, “बरं झालं दिसलं न्हाय ते.”

“दिसत व्हते की,” बकुळा म्हणाली. “सगळे दिसत व्हते. मी येकेकाचं नाव घेऊन हाक मारली. दत्तू भावोजी तर काचेच्या पल्याड इतके जवळ व्हते, की हात लागला आसता. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं आन डोळे मिटून घेतले.”

केसरीनाथ खाटेच्या पायाशी उठून उभा राहिला.

“मग तसं का सांगितलंस त्यांना?”

तिने मान भिंतीकडे वळवली.

“त्यांच्यातच ऱ्हायचं हाय ना मला.”