ग्राहक क्रमांक एक

लिंबूची नोकरी पक्की झाली, आणि ती त्याच्या आत्याने पक्की केली. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चालू. कारण कंपनीच्या दफ्तरात त्या मंगळवारासमोर ‘विशेष काही नाही’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं आहे, आणि दफ्तराशी वाद घालणारे आपण कोण?

तर, जे झालंच नाही त्याची ही हकीकत.

कंपनी लिफ्ट सांभाळायची. तीनशे बारा लिफ्ट, चार मेकॅनिक, वर एक मोठ्या बाई आणि खाली एक लिंबू. लिंबूचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण गेले आठ महिने तो उमेदवारीवर होता. म्हणजे खेळात आहे, पण धरलेला नाही. अशा भिडूला कच्चं लिंबू म्हणतात. मेकॅनिक मंडळी वेळ वाचवायला नुसतंच लिंबू म्हणत.

या लिंबूने कंपनीसाठी एक वेब ॲप लिहिलं होतं. कुठली लिफ्ट कधी तपासायची, कोणी जायचं, सगळं त्यात. सकाळी मेकॅनिक फोन उघडायचे आणि ॲप बोट दाखवेल तिकडे निघायचे. सुरू होताना हे ॲप आधी डेटाबेसमध्ये डोकावायचं. तो रिकामा दिसला तर सुरुवातीची माहिती आपली आपणच भरायचं: तक्रारींचे प्रकार, चार मेकॅनिकची नावं आणि नमुन्याला एक ग्राहक. नव्या घरात राहायला जाताना माणूस आधी मीठ, साखर, काडेपेटी नेऊन ठेवतो, तसं. घर भरलेलं असलं तर मात्र कशालाही हात लावायचा नाही.

नमुन्याच्या ग्राहकाला घराचा खरा पत्ता आणि फोन नंबर लागत होता. लिंबूने आत्याचे दिले. लहानपणापासून अडलं की तो हाच नंबर फिरवत आला होता. आत्याचं घर एकमजली. गच्चीवर जायला एक लोखंडी शिडी, तीही अर्धा वेळ कपडे वाळत घालण्यात गुंतलेली.

ॲप पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आत्याला मेसेज गेला: ‘आपली लिफ्ट आमच्याकडे नोंदवली आहे. आता आपण निर्धास्त राहा.’

आत्याचा लगेच फोन. “अरे, लिफ्ट ठेवायची कुठे?”

“आत्या, ती खोटी आहे.”

“खोटी असू दे की. पण कोणी आलं-गेलं तर दाखवू काय?”

लिंबूने समजावलं, की डेटाबेस पार रिकामा असला तरच हा मेसेज येतो. “आता परत यायचा नाही. आणि आलाच, तर समज की तुझ्या भाच्याचं काही खरं नाही.”

आत्या “बरं” म्हणाली. लिंबू हसला आणि विसरला.

सहा महिन्यांनी तो मंगळवार उजाडला. दहा वाजता मोठ्या बाई ठरवणार होत्या, लिंबूला ठेवायचं की नारळ द्यायचा. आदल्या संध्याकाळी त्याने, शेवटची चमक दाखवायची म्हणून, ॲपमध्ये एक बारीकशी सुधारणा केली होती. ती करताना डेटाबेसचा पत्ता बदलून सरावाच्या कोऱ्या डेटाबेसचा घातला, आणि तो परत बदलायचा राहिला. सकाळी सातला सर्व्हर ठरल्याप्रमाणे नव्याने सुरू झाला. ॲप जागं झालं, भलत्याच घरात डोकावलं, घर रिकामं बघून हळहळलं आणि इमानेइतबारे मीठ-साखर मांडून बसलं. कुठे लाल दिवा नाही, बोंब नाही. सगळं उत्तम चालू होतं. फक्त तीनशे बारा लिफ्ट नव्हत्या.

सात दहाला फोन वाजला.

“मेल्या, मला परत लिफ्ट आली.”

लिंबूच्या तोंडात ब्रश. “हं?”

“आधीचीच एक पडून आहे. ही दुसरी कुठे ठेवू?”

लिंबूच्या तोंडचं पाणी पेस्टसकट पळालं. त्याने स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच लॅपटॉप उघडला. यादीत एकच ग्राहक: आत्या. एकेक ओळ तपासताना तो चुकीचा पत्ता सापडला. जुना डेटाबेस आपल्या जागी सुखरूप होता, फक्त त्याला कोणी विचारत नव्हतं. पत्ता बदलला, ॲप पुन्हा सुरू केलं, लिफ्ट मोजल्या. तीनशे बारा. सात अठ्ठेचाळीस झाले होते. लिंबूने तेव्हा कुठे ब्रश खाली ठेवला.

आठला मिस्त्रींचा फोन आला. मिस्त्री म्हणजे मेकॅनिकांत सगळ्यात वडीलधारे. त्यांना वेळेआधी पोचायची खोड होती.

“लिंबू, लिफ्ट दिसत नाही रे. चोरीला गेली का?”

“कुठे आहात तुम्ही?”

“तुझ्या ग्राहक क्रमांक एककडे. सकाळी फोनवर हे एकच काम होतं. घर एकमजली आहे. मी दोनदा मोजलं.”

“मिस्त्री, निघा तिथून! साडेआठला दवाखान्याच्या लिफ्टचा दोर बदलायचाय!”

“हो, ते आत्ता दिसायला लागलं. निघालोच, जवळच आहे. पण ऐक.” मिस्त्रींनी आवाज खाली आणला. “या बाईंनी न्हाणीघराच्या कडीला फोन टांगलाय, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, सहा महिने झाले, अंघोळीलासुद्धा लांब ठेवत नाही. भाच्याचा मेसेज यायचाय.”



दहा वाजता मोठ्या बाईंनी मिस्त्रींनी पाठवलेली कामाची चिठ्ठी वाचून दाखवली. “‘लिफ्ट आढळली नाही. मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिले. ग्राहक समाधानी.’ हे काय आहे?”

सराव तपासणी होती, असं म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण त्यात आत्याला जागा नव्हती. लिंबूने पत्त्यापासून पिशवीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे डेटाबेस रिकामा झाला, हे कळवणारी आपली यंत्रणा कोणती?”

“आत्या.”

“चोवीस तास?”

“अंघोळ धरून.”

“तिला कळवलंस, की कंपनी वाचली?”

“नाही. साधं थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आजवर कधीच.”

बाईंनी चिठ्ठी फायलीत लावली. “दोर बदलला गेला. चूक तू स्वतः सांगितलीस. आता असं कर, डेटाबेस रिकामा दिसला तर ॲपने काही भरायचं नाही. थांबायचं आणि तुझ्या नावाने ओरडायचं. ते झालं की पक्क्या नोकरीच्या कागदावर सही घेऊन जा.” मग दफ्तर ओढून त्यांनी ते स्वच्छ अक्षर काढलं.

दुपारपर्यंत लिंबूने ते केलं. नमुन्याच्या माहितीतून आत्याला काढलं, आणि खऱ्या यादीत स्वतःच्या हाताने घातलं: लिफ्ट क्रमांक तीनशे तेरा, तपासणी वर्षातून दोनदा, काम बिजागऱ्यांना तेल. बाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही.

संध्याकाळी तो आत्याकडे गेला. “आत्या, आता फोन बाहेर ठेवून अंघोळ कर.”

“मग तुझ्यावर लक्ष कोण ठेवणार?”

“ॲप.”

“त्याला अंघोळ नाही ना?”

“नाही.”

“मग ठीक आहे.”

थँक्यू म्हणायचं अजून राहिलंच होतं. लिंबू उठला, शिडी चढून गच्चीवर गेला, सगळे वाळलेले कपडे खाली आणले आणि टॉवेलसुद्धा नीट घड्या करून ठेवले. आत्याने एकदा घड्यांकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “पोचलं,” म्हणाली.

पुढच्या आठवड्यात कंपनीकडे एक पत्र आलं. ते अजून विचाराधीन आहे.

‘विषय: मजले मिळणेबाबत. महोदया, आपल्या दफ्तरी माझ्या नावे लिफ्ट क्रमांक ३१३ ची नोंद आहे. मिस्त्री सज्जन आहेत, बिजागऱ्या उत्तम चालतात, लिफ्टबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. अडचण एवढीच, की घरास वरचे मजले नसल्याने लिफ्ट बसून आहे. तरी माझ्या घरास किमान पाच मजले त्वरित मंजूर करावेत, व त्यांपैकी सर्वांत वरचा माझ्या भाच्यास राहावयास द्यावा, ही नम्र विनंती.’