हलक्या प्रतीचा रांजण

मी एक जुना, मातकट रांजण आहे, आणि मित्रांनो, मला राग आलाय. आपली कहाणी शांतपणे सांगावी म्हणे. सांगा बापडे! मला नाही जमत.

कोरियाच्या जोल्ला मुलखात एका डोंगराखाली मल्सूनच्या बापाने मला भट्टीत भाजलं. अंगावर राखेचा लेप, रंग मळकट, खांदा जरासा कललेला. मल्सून लग्न होऊन सासरी आली, तेव्हा बैलगाडीत तिच्या गुडघ्याला टेकून मीही आलो. सासूबाईंनी दारातच नाक मुरडलं, "एक तर कुंभाराची पोर, त्यात हे हलक्या प्रतीचं मडकं! मागे ठेव, कुणाला दिसायला नको." तेव्हापासून त्या घरात कुणी 'हलकं' म्हटलं, की ते एक तर मल्सून, नाहीतर मी.

परसातल्या दगडी ओट्यावर पुढचा मान मोठ्या घरून आलेल्या थोरल्या सुनेच्या रांजणाचा. शहरातून आणलेला, लालभडक, चकचकीत! दोघी जावांनी एकाच दिवशी आंबवलेल्या सोयाबीनच्या ढेपा मिठाच्या पाण्यात घातल्या, वर कोळसा आणि लाल मिरच्या सोडल्या. माझ्या अंगातून हवा खेळते, त्यामुळे आतला, सूप-कालवणात घालायचा खारा रस निवांत मुरतो. त्या चकचकीत साहेबांना मेलं श्वासच घेता येईना. उन्हाळ्यात त्याच्यातला रस नासला.

रस नासला की घरावर संकट येतं, असं तिथे सगळेच मानतात. सासूबाई हादरल्या. खापर फोडायला मी होतोच. "या हलक्या मडक्याची बाधा झालीय. पितरांचा सण झाला की फोडून टाका त्याला!" मल्सून फडकं घेऊन आली आणि मला पुसत बसली.

सणाच्या सकाळी नैवेद्याच्या सूपला चांगला रस हवा होता. सासूबाईंनी काय करावं? गुपचूप माझंच झाकण उघडलं, वाटी भरली आणि थोरलीच्या हाती दिली! बेशरमपणाची हद्द झाली. भाऊबंद जेवायला बसले. चुलतसासरे सूप ओरपून म्हणाले, "वा! मोठ्या घरच्या लेकीचा हात लपत नाही." थोरली मान खाली घालून हसली.

मल्सूनने हातातली परात खाली ठेवली. "काका, एवढं आवडलंय तर रांजणही बघून घ्या. आज फोडणार आहेत तो."

म्हातारा परसात आला, त्याच्यामागून सगळी पंगत. त्याने माझ्यात बोट बुडवून चाटलं, पुन्हा चाटलं. मग लाल रांजणाचं झाकण उचललं आणि झटकन बाही नाकाला लावली. "वहिनी," तो म्हणाला, "नक्की कुठला फोडायचाय?"

मी वाचलो. लाल रांजण आता पालथा पडलाय. पण म्हातारीची जीभ सुधारली असेल असं वाटतं तुम्हाला? छे! अजून रोज सकाळी तीच हाक, "मल्सून, त्या हलक्या मडक्यातलं वाटीभर आण गं!" माझा रस चालतो, माझं नाव मात्र तेच! मित्रांनो, कुणाला हलकं म्हणायच्या आधी निदान झाकण तरी उघडून बघत जा.

मल्सून मात्र हल्ली वाटी नेऊन देत नाही. "झाकण काढून ठेवलंय, आई. तुम्हीच या," म्हणते. आणि माझा रस आता तळाशी गेलाय. वाटी भरायची तर सासूबाईंना रोज माझ्यापुढे कमरेतून वाकावं लागतं.