दुधाळ पाणी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. डाव्या हाताला फुफ्फुसांच्या रोग्यांची रांग, उजव्या हाताला लिव्हरच्या, आणि मधोमध टेबलावर एक निळी बादली. फुंकरबाबा बादलीतलं स्वच्छ पाणी ग्लासात भरायचा, त्यात नळी टाकायचा आणि समोरच्या माणसाला म्हणायचा, "फुंक. आत साठलंय ते बाहेर टाक." माणूस फुंकू लागला की अर्ध्या मिनिटात ग्लासातलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. अख्ख्या सभागृहाचा श्वास एकदम वर जायचा.

"डॉक्टर तुझ्या छातीचे फोटो काढतो," बाबा सांगायचा. "मी तुझं विष काढून तुझ्या हातात देतो. थांबू नकोस, फुंकत राहा." आणि फुंकत राहिलं की ते दुधाळ पाणी खरंच पुन्हा निवळायचं. मग बाबा ग्लास उजेडाकडे धरून म्हणायचा, "गेलं."

उजवीकडे मदतनीस कापडाच्या बोळ्याने लोकांच्या हातांवर पिवळी पूड चोळायचा आणि त्याच बादलीतलं पाणी वर ओतायचा. हातावरून लालभडक ओघळ वाहायचे. ते म्हणे लिव्हरमधलं नासकं रक्त. विष अंगाला लागेल म्हणून बाबा कुणाला हात लावायचा नाही. पाणी पिऊ नका, असंही प्रत्येकाला बजावायचा.

मी अकरा वर्षं एका प्रश्नामागे आहे. फुफ्फुस असो की यकृत, आजाराने आत व्रण पडतात, व्रण भरताना कडक पट्टे तयार होतात आणि मऊ अवयव हळूहळू चामट होतो. हे पट्टे वाढू न देणारं एकच औषध दोन्हीकडे चालेल का, ते आम्ही तपासतो आहोत. अकरा वर्षं, चारशे रुग्ण, तीन समित्या, आणि आमचं उत्तर अजून 'कदाचित'. इथे हा गृहस्थ एका बादलीत दोन्ही अवयव धुऊन मोकळा होत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण डाव्या रांगेत पाचवी माझी मावशी उभी होती.

आईच्या मागे मला मावशीनेच वाढवलं. तिचं कपडे शिवायचं दुकान आहे, काचेत एक प्लास्टिकची पुतळी उभी असते. मावशीचं फुफ्फुस तीन वर्षांपासून चामट होत चाललं आहे. ती आमच्याच औषधाच्या चाचणीत आहे, पण नात्यातली म्हणून तिचे कागद माझ्याकडे येत नाहीत. तिला दुसरे डॉक्टर बघतात. "नुसती सोबत म्हणून चल," असं सांगून तिने मला त्या दिवशी तिथे नेलं होतं.

तिची पाळी आली. ती फुंकत राहिली. पाणी पांढरं झालं, पण निवळेना, आणि बाबा थांबू देईना. तिचे ओठ निळे पडायला लागले तेव्हा मी पुढे गेले, नळी ओढून घेतली आणि स्वतः फुंकले. पाणी पांढरंच झालं. मी विजयी स्वरात म्हणाले, "माझं फुफ्फुस ठणठणीत आहे. मग हे काय आहे?"

"म्हणजे तुलाही लागलंय, पोरी," बाबा कनवाळूपणे म्हणाला. "वेळेवर आलीस."

सभागृह हसलं. दोघीतिघींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मावशीला माझी लाज वाटली. अकरा वर्षं संशोधन केलेल्या बाईने भर सभेत स्वतःचं निदान करून घेतलं होतं.

घरी आल्यावर माझ्या कोटाचं बटण तुटलेलं दिसलं. मी मावशीचा बटणांचा डबा उघडला. पांढऱ्या बटणांच्या कप्प्यात गोळ्या होत्या, आमच्या चाचणीच्या. मी मोजल्या. एकशे बारा भरल्या, म्हणजे रोजची एक धरून सोळा आठवडे. दर महिन्याला दवाखान्यात रिकामी पाकिटं परत द्यावी लागतात. मावशी ती नेमाने देत होती आणि गोळ्या इथे ठेवत होती.

"ह्या इथे कशा?" मी विचारलं.

मावशी मशीनवरून उठली नाही. "तुमच्याच कागदावर लिहिलंय," ती म्हणाली. "गोळीत औषध असेल किंवा नसेल, आणि कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरलाही ठाऊक नसेल. तीनदा वाचला मी तो कागद. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याच्या हातचं मी का घ्यावं? बाबा निदान दाखवतो तरी."

तो कागद मीच लिहिला होता. सोप्या भाषेत, काहीही न लपवता, आणि त्याचा मला अभिमान होता. डॉक्टरला कळलं की त्याला हवी तिथे सुधारणा दिसायला लागते, म्हणून गोळी कोणाची कोणती हे त्याच्यापासूनही लपवायचं, एवढीच त्यातली गोम. त्या प्रामाणिकपणाचं मावशीच्या डोक्यात असं मातेरं झालं होतं. मी ओरडले. व्रण, पट्टे, टक्केवारी, सगळं बडबडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ती शांतपणे काजं करत बसली, आणि मला इतका संताप आला की मी जेवलेच नाही.

सकाळी डोकं थंड झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी अकरा वर्षांत जे शिकले ते सोडून बाकी सगळं केलं होतं. आम्ही सांगत नाही, आम्ही खुणा लपवून तुलना करतो. मावशीने बाबाचं पाणी एका बाटलीत घरी आणलं होतं, रोज फुंकायला. मी तीन सारखे ग्लास घेतले. एकात बाबाचं पाणी, एकात नळाचं. तिसऱ्यासाठी मागच्या अंगणात रंगकामातून उरलेला चुना होता. तो रात्रीच पाण्यात कालवून ठेवला असता तर लवकर झालं असतं. आता दुपारपर्यंत थांबले, गाळ तळाला बसला तेव्हा वरचं स्वच्छ पाणी ओतून घेतलं. ग्लासांच्या बुडाला आकडे चिकटवले आणि मावशीला बाहेर बोलावलं.

"कुठल्यात काय आहे ते मी सांगणार नाही," मी म्हणाले. "हळू फुंक. दम लागला की थांब."

नळाचं पाणी तसंच राहिलं. उरलेले दोन्ही ग्लास पांढरे झाले, अगदी सारखे. बाबाचा कुठला ते ओळख, असं मी म्हटलं. तिने दोन्ही उजेडात धरले, वास घेतला, बराच वेळ बघितले आणि खाली ठेवले. मग मी ग्लास उचलून बुडाचे आकडे दाखवले आणि अंगणातलं चुन्याचं पोतं दाखवलं.

"चुन्याची निवळी," ती हळूच म्हणाली. "शाळेत केलं होतं हे आम्ही."

सगळ्यांनीच केलेलं असतं. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. तो चुन्याच्या निवळीत गेला की पाणी दुधाळ होतं, मग फुंकणारा रोगी असो की पैलवान. आणखी फुंकत राहिलं की तोच वायू तो पांढरा गाळ पुन्हा विरघळवतो, पाणी निवळतं. ज्याची छाती मजबूत तो लवकर 'बरा' होतो. मावशीसारखीला ओठ निळे पडेपर्यंत फुंकावं लागतं. लिव्हरच्या रांगेतली पूड म्हणजे हळद. चुन्याचं पाणी लागलं की हळद लाल होते, तेही मी मावशीच्या हातावर करून दाखवलं.

तिने तो हात पदराला पुसला. मग म्हणाली, "म्हणजे हे पाणी कुणालाही आजारी ठरवील. हात असला की झालं." आणि ती दुकानात गेली.

पुढच्या बैठकीला मावशी लांब बाह्यांचा झगा घालून उजव्या रांगेत उभी राहिली. उजव्या बाहीतून हात बाहेर आलेला होता. मदतनिसाने घाईघाईत पूड चोळली, पाणी ओतलं, लाल ओघळ वाहिले. बाबाने नेहमीप्रमाणे डोळे मिटले.

"लिव्हर फार थकलंय," तो म्हणाला. "पंधरा वर्षांचं दुखणं आहे. दारू नव्हे, चिंता."

"सतरा वर्षं झाली," मावशी म्हणाली. "सतरा वर्षं दुकानाच्या काचेत उभी आहे बिचारी. चिंता असणारच."

आणि तिने बाहीतून पुतळीचा हात काढून बादलीशेजारी ठेवला. प्लास्टिकची पाच बोटं, लालभडक.

आधी कुणालाच कळलं नाही. मग पुढच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं आणि ते मागपर्यंत गेलं. बाबा म्हणाला की कुणाच्या तरी वाईट नजरेने पाण्याची शक्ती गेली. मावशीने पिशवीतून आमच्या चुन्याच्या निवळीची बाटली आणि दोन ग्लास काढले आणि कुणीही येऊन फुंका म्हणाली. वीसेक जण फुंकून गेले. आता मी सांगितलं ते लोकांनी ऐकलं, कारण ते आधी त्यांनी बघितलं होतं.

सगळे मात्र घरी गेले नाहीत. अर्धी रांग तशीच उभी राहिली. एका बाईने नवऱ्याचा दंड धरून मला सुनावलं, "तुमच्याकडे याच्यावर औषध आहे का? नाही ना? मग आम्हाला उभं राहू द्या." माझ्याकडे 'कदाचित' होतं. ते मी तिला दिलं, आणि तिने तोंड फिरवलं. त्या बाईचा राग मला अजून येतो, आणि तिच्यापेक्षा जास्त त्या बादलीवाल्याचा येतो.

मावशीने तिच्या डॉक्टरांना जाऊन सगळं खरं सांगितलं. फुफ्फुसात किती हवा मावते ते त्यांनी मोजलं. गोळ्या सोडण्याआधी निरोगी माणसाच्या चौसष्ट टक्के मावायची, आता पंचावन्न. गेलेले नऊ टक्के कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. तिने गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

चौदा महिन्यांनी चाचणी संपली आणि कुणाला काय मिळत होतं त्याची यादी उघडली. यकृतावर औषधाचा फारसा उपयोग दिसला नाही, ते तसंच छापलं. फुफ्फुसांवर झाला. बरी झाली नाहीत, पण चामट होण्याचा वेग निम्मा झाला. मावशीचा क्रमांक मी सगळ्यात शेवटी बघितला. खरं औषध.

घरी जाऊन तिला सांगितलं. तिने बटणांचा डबा मांडीवर घेतला, पांढरा कप्पा बोटाने चाचपला आणि म्हणाली, "म्हणजे माझा श्वास इथे होता." मग झाकण लावून ती कामाला लागली. दोन जिने चढताना आता ती मधे बसते.

माझं मागणं मोठं नाही. डॉक्टरवरसुद्धा आंधळा विश्वास ठेवू नका, त्यालाही विचारा. पण जो चमत्कार दाखवतो त्याला एवढं तरी विचारा, की हाच हात प्लास्टिकचा असता तर काय झालं असतं? आणि उत्तर मिळेपर्यंत गोळी डब्यात टाकू नका, तोंडात टाका.