उघडा राहिलेला ढीग

प्लास्टिक ओढून काढलं तेव्हा आधी आला तो वास. चिऊला कडेवर घेऊन मी कुंपणापाशी उभी होते. तिने नाक मुरडलं आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. सासरे मात्र ढिगाच्या पायथ्याशी उभे राहून लोडरवाल्याला सांगत होते, "हळू घे बाबा, सोनं आहे ते."

आमच्या शेताखाली खडी निघाली आणि खाणवाल्यांनी जमीन काही वर्षांसाठी घेतली, तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली होती. वरची काळी माती आधी वेगळी काढून बाजूला ठेवायची आणि खड्डा भरून झाला की तीच परत वर पसरायची. खाणवाल्यांनी अट पाळली. माती जपली ती सासऱ्यांनी. वाऱ्याने उडू नये म्हणून ढिगावर लोडर वरखाली फिरवून ती चांगली दाबून घेतली. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून वर काळं प्लास्टिक घातलं, त्यावर जुने टायर. वादळ होऊन गेलं की चहाही न घेता टायर सरळ करायला जायचे. सासूबाई म्हणायच्या, "उभ्या जन्मात माझ्या अंगावरचं पांघरूण कधी नीट केलं नाही या माणसाने."

शेवटी प्लास्टिक पुरलं नाही, म्हणून टोकाचा एक लहान ढीग उघडाच राहिला. त्यावर रान माजलं. सासऱ्यांना त्याची लाज वाटायची. कोणी शेत बघायला आलं तर ते त्याला दुसऱ्या बाजूने न्यायचे. माती पसरायची वेळ आली तेव्हाही तो ढीग त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं होतं. त्यातलं बरंचसं विसरले. चिऊ हाताला लागेल ते तोंडात घालते, म्हणून माझी नजर सदा जमिनीवर असते. माती पसरून झाली त्या दिवशी तिच्या मुठीतून ढेकूळ सोडवून घेतलं आणि फोडलं, तर आतून राखाडी-निळं, मोरीतल्या गाळासारखं. मूळ नाही, किडा नाही, गांडूळ नाही. मातीलाही हवा लागते, हे कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकले होते. आणि या मातीचं नाक-तोंड दाबून आम्ही तिला वर्षानुवर्षं जपत बसलो होतो.

नवऱ्याला ढेकूळ दाखवलं. त्याने वास घेतला आणि ते लांब फेकून हात पँटला पुसला. बाबांच्या कानावर घालू नकोस म्हणाला, आधी पेरून तर बघू. घरात ठरलंच होतं: या हंगामात गवत धरलं तर इथेच राहायचं, नाही धरलं तर त्याने शहरातल्या गोदामातली नोकरी घ्यायची आणि आम्हाला दोघींना घेऊन जायचं. सासऱ्यांनाही हे ठाऊक होतं. नात याच शेतात चालायला शिकणार, असं ते येईल-जाईल त्याला सांगत सुटले होते.

पेरलं. उगवलंही. बोटभर वाढलं, पिवळं पडलं आणि आडवं झालं. पाऊस पडला तेव्हा पाणी मुरेना, नुसतं वर चकाकत राहिलं. सासरे फावड्याने चर काढत फिरले, तर चरांतही पाणी तसंच उभं. रस्त्यापलीकडच्या गॅरेजवाल्याने विचारलं, यंदा मासे सोडणार का? सासरे त्याच्यासमोर हसले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत.

एका दुपारी चिऊ रांगत त्या उघड्या ढिगाकडे गेली. तिच्या मागे मीही गेले. रानाचं एक झुडूप उपटलं, तर मुळांना भुसभुशीत काळी माती लटकून आली आणि त्यात गांडूळ वळवळत होतं. चिऊला भरवायच्या चमच्याने इकडेतिकडे उकरलं. सगळीकडे तेच. माती जिवंत होती. दुधाला विरजण लावावं तशी ही थोडी थोडी सगळीकडे मिसळली, खोल मुळांची झाडं लावली, तर कधीतरी, कितीतरी वर्षांनी, काहीतरी झालं असतं. नवरा तेवढा थांबला नसता. पण सासरे थांबले असते.

ते कधी मागे येऊन टायरवर बसले, कळलं नाही.

"तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "खरं सांग. मी झाकली म्हणून मेली का ती?"

मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांच्या हातांकडे पाहिलं. टायर ओढून ओढून तळव्यांना काळे घट्टे पडले होते, धुऊनही न जाणारे.

"पसरताना लोडर फार फिरला, बाबा. ओल्यात फिरला. त्याने घट्ट झाली."

हे खोटं नव्हतं. त्यापुढचं वाक्य जिभेवर होतं.

"म्हणजे झाकण्यात काही चूक नव्हती," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल झाले. चिऊने माती तोंडात घातली होती. मी तिच्या तोंडात बोट घालून ती काढत बसले. माती काढून झाली तरी काढतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने गोदामात फोन करून होकार कळवला. पुढच्या खोलीत खोकी आली. मी भांडी गुंडाळत होते, तेवढ्यात खिडकीतून सासरे दिसले. त्यांनी त्या लहान ढिगावरचं सगळं रान उपटून बाजूला रचलं होतं आणि फावड्याच्या पाठीने माती थोपटत होते. शेजारी प्लास्टिकची घडी होती.

मी चिऊला घेऊन धावतच गेले. मला पाहून त्यांना बरं वाटलं.

"एवढीच तर उरलीये," ते म्हणाले. "ही तरी नीट ठेवतो. तुम्ही परत याल तेव्हा लागेल."

वाऱ्याने प्लास्टिक फडफडायला लागलं.

"जरा ते टोक धर गं."

चिऊला खाली बसवलं आणि मी टोक धरलं. ते पलीकडून टायर ओढत आले.

"ढिलं नको सोडू," ते म्हणाले. "खाली हवा शिरते."

मी ओढून धरलं.