बसथांब्याच्या जागी

"अहो, ती गाडी पुन्हा आपल्याच दारात," बायकोने काउंटरवरूनच सांगितलं.

चष्मेवाल्याला ते न सांगताही दिसत होतं. सकाळी नऊपासून कापडवाल्याची गाडी दुकानाची दर्शनी काच झाकून उभी होती. तिच्यामागे भांडीवाल्याची, तिच्यामागे औषधवाल्याची. गिऱ्हाइकांना गाड्या लावता याव्यात म्हणून व्यापारी संघाने अर्जांवर अर्ज करून बाजारपेठेतला बसथांबा बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर हलवायला लावला, आणि त्या जागेवर आता दुकानदारच दिवसभर आपापल्या गाड्या लावून ठेवत. कापडवाल्याला बोलायला जावं, तर "दोन मिनिटं हो" म्हणून तो संध्याकाळ करायचा.

"पहिली सही तुम्हीच ठोकलीत," बायको म्हणाली. "ज्यांना धड दिसत नाही ती माणसं काय गाडी चालवत येणार होती?"

आठ महिने तो हे रोज ऐकत होता. त्याची बहुतेक गिऱ्हाइकं बसनेच यायची. आता कोणी फिरकत नव्हतं.

दुपारी मास्तरीणबाई आल्या, गाड्या चाचपत, घामाने निथळत. तीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"थांब्यापासून अर्धा तास चालतेय," त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "रस्ता तर नुसत्या आवाजावर ओलांडला. कुठल्या शहाण्याने हलवला हो तो थांबा?"

बायकोने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

"मी," तो म्हणाला. "म्हणजे आम्ही सगळ्यांनीच. पण पहिली सही माझी."

"आणि दुसऱ्यांचे डोळे तुम्ही तपासता," बाई म्हणाल्या.

त्याने त्यांचे डोळे तपासले. नंबर बराच वाढला होता.

"नंबर कागदावर लिहून द्या," बाई म्हणाल्या.

"कशाला? वहीत आहे की तुमचं पान."

"थांब्याजवळ नवं दुकान निघालंय, तिथेच चष्मा करून घेईन. राग मानू नका. पाय साथ देत नाहीत आता."

"मी घरी आणून देतो ना."

"एकदा द्याल. पुढच्या वेळी तपासायचं मशीनही आणाल का डोक्यावर?"

त्याला फार वाईट वाटलं, आणि रागवायला स्वतःशिवाय कोणी नव्हतं. बाईंना चष्म्याशिवाय वाचता यावेत इतके मोठे आकडे त्याने काढले आणि खाली सही केली.

"चला, मी सोडते थांब्यापर्यंत," म्हणत बायकोने त्यांची पिशवी उचलली. दोघी गाडीला वळसा घालून गेल्या. त्यांना जाताना पाहावं म्हणून तो काचेपाशी आला, पण काचेपलीकडे नुसती गाडीच होती.